प्रत, चोरी आणि ऋण

सहाव्या शतकात आयर्लंडमध्ये होऊन गेलेल्या संत कोलंबा यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. आपले गुरू फिनियन यांच्याकडील स्तोत्रांची पोथी कोलंबांना फार आवडली. रात्री जागून त्यांनी तिची गुपचूप नक्कल करून घेतली. गुरूंना हे कळले तेव्हा त्यांनी त्या नकलेवरही आपला हक्क सांगितला. वाद राजापुढे गेला. गाय ज्याची, वासरूही त्याचेच. तशी पोथी ज्याची, नक्कलही त्याचीच, असा निवाडा राजाने दिला. कोलंबांना तो मान्य झाला नाही आणि त्या वादातून पुढे मोठी लढाई पेटली, असेही सांगतात. इतिहास म्हणून या कथेवर किती भरवसा ठेवावा हा प्रश्न अलाहिदा. परंतु तिच्यातला पेच खरा आहे. मूळ पोथी तर गुरूंपाशी जशीच्या तशी राहिली होती. मग त्यांचे गेले काय? आणि त्यांचे काहीच गेले नसेल, तर कोलंबांना रात्रीच्या अंधारात लिहावे का लागले?

हा पेच आज आपल्या घराचा उंबरठा ओलांडून आत आला आहे. पूर्वी एक पोथी उतरवण्यास महिने लागत. आता बोटाच्या एका स्पर्शाने शंभर घरी शंभर प्रती पोहोचतात. गायनमंडळासाठी गीतपुस्तिकेच्या झेरॉक्स निघतात, सणाच्या नाटकाची संहिता हातोहात फिरते, मुलांचे महागडे पुस्तक कुणीतरी मोबाइलवर पाठवतो आणि नवा चित्रपट चित्रपटगृहातून उतरण्यापूर्वीच घरात पाहिला जातो. शेजाऱ्याच्या वाडीतले एक केळेही न विचारता तोडणार नाही असा पापभीरू माणूस हे सारे निःशंक मनाने करतो. ही चोरी आहे काय? सातवी आज्ञा येथे लागू होते काय?

एक पक्ष म्हणतो, ही सरळसरळ चोरी आहे. दुसरा म्हणतो, ज्ञान हवेसारखे आहे, त्यावर कुणाची मालकी असूच शकत नाही. मला वाटते, दोन्ही पक्ष अर्धेच खरे बोलतात.

भाकरी मी घेतली तर शेजारी उपाशी राहतो. गीत मी उतरवून घेतले तर ते त्याच्यापाशी उरतेच. म्हणून प्रत काढणे आणि वस्तू पळवणे या दोन कृती एकाच मापाने मोजता येत नाहीत. परंतु त्या गीतासाठी कवीने ज्या रात्री जाळल्या, त्या हवेतून आलेल्या नाहीत. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे हे तत्त्व शेतातल्या गड्याला लागू असेल, तर लेखणी चालवणाऱ्याला का नसावे? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ सालच्या आपल्या परिपत्रकात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य ही आपल्या काळातील जमिनीइतकीच महत्त्वाची मालमत्ता असल्याचे म्हटले आहे. मात्र त्याच पोपमहोदयांनी १९८७ साली असेही बजावले होते की, सर्व खाजगी मालमत्तेवर जणू समाजाचे गहाण असते. ही दोन्ही वचने एकत्र वाचली पाहिजेत. ग्रंथावर लेखकाचा हक्क आहे. पण तो गहाणमुक्त नाही.

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. १७१० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा केला, तेव्हा नव्या पुस्तकावरील हक्क चौदा वर्षांपुरता दिला होता. ती मुदत संपताना लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षे. म्हणजे तो एक करार होता: लेखकाने समाजाला ग्रंथ द्यावा, समाजाने त्याला काही काळ त्याचे फळ चाखू द्यावे आणि मग तो ग्रंथ सर्वांचा व्हावा. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याने ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ठेवली. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यामुळे १९९१ च्या अखेरीस त्यांचे साहित्य सर्वांसाठी खुले होणार होते. ते हक्क विश्वभारतीकडे होते. मुदत संपता संपता शासनाने वटहुकूम काढला आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासाची साठ वर्षे झाली. हेतू चांगला असेल. पण एका महाकवीसाठी आखलेली रेषा देशातील सगळ्या लेखकांच्या ग्रंथांभोवती ओढली गेली. मालकीची सीमा निसर्गाने घातलेली नसून ती राजकारणात ठरते, हे येथे स्पष्ट दिसते. आणि जी सीमा माणसांनी घातली, ती न्याय्य आहे की नाही हे विचारणे माणसांचे कर्तव्य ठरते.

दिल्ली विद्यापीठातील खटल्याने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. प्राध्यापकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र झेरॉक्स करून विद्यापीठाच्या आवारातील एक दुकानदार ती विद्यार्थ्यांना देत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांच्या मुद्रणालयांसह तीन मोठ्या प्रकाशकांनी तो दुकानदार आणि विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. विशेष असे की, ज्यांच्या पुस्तकांवरून हा दावा उभा राहिला त्यांपैकी काही लेखकांनीच प्रकाशकांच्या भूमिकेला विरोध केला. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. ग्रंथस्वामित्व हा काही दैवी वा नैसर्गिक हक्क नव्हे, असे मत त्या निकालात नोंदवले गेले. डिसेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने काही मुद्दे पुन्हा सुनावणीसाठी पाठवले, पण अध्यापनासाठी आवश्यक तेवढी प्रत काढण्यास कायद्याची मुभा आहे हे तत्त्व कायम ठेवले. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात म्हटले होते की, प्राणांतिक गरजेत सापडलेल्याने दुसऱ्याच्या वस्तूने आपली निकड भागवली तर ती चोरी ठरत नाही. पाठ्यपुस्तकाची झेरॉक्स म्हणजे भुकेल्याची भाकरी नव्हे, हे मान्य. तरीही त्यामागील विचार येथे उपयोगी पडतो: गरज जितकी खरी, तितका मालकाचा आग्रह सैल झाला पाहिजे. दृष्टिहीनांसाठी पुस्तके ब्रेलमध्ये वा ध्वनिरूपात आणण्याची वाट मोकळी करणारा करार २०१३ साली माराकेश येथे झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. अंध मुलाच्या हाती पुस्तक आले म्हणून कोणत्या लेखकाचे ताट रिकामे झाले?

पण याच तत्त्वाची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. जेथे गरज नाही, केवळ फुकटाची हौस आहे, तेथे ही सूट मागता येत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार-पाचशे प्रतींची असते. तिची फुकट प्रत फिरवणारा कुणा बलाढ्य कंपनीला नव्हे, आपल्याच भाषेतील एका कष्टकऱ्याला नागवतो. चित्रपटगीते लिहिणाऱ्यांची कथा तर अधिक बोलकी आहे. गीत गाजत राही, पण त्याचे हक्क बहुधा निर्मात्याकडे व ध्वनिमुद्रण कंपनीकडे जात आणि कवीच्या हाती एकदाच मिळालेले मानधन उरे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळाला. तोही असा की, दडपणाखाली सही घेऊन काढून घेता येऊ नये. म्हणजे कायदा नेहमी धनवंताच्याच बाजूने झुकतो असे नाही. त्याला कुणी हलवावे लागते.

प्रत काढण्याचे पुण्य काय असते, हे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाने तरी विसरू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात लोकभाषेच्या वापरावरच बंदी घातली. तरीही हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य टिकले, ते हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. ज्या अनाम हातांनी ते उतरवले, त्यांनी फादर स्टीफन्स यांचे काही चोरले असे कोण म्हणेल? त्यांनी ऋण फेडले. त्यांच्या प्रतीत श्रम होते, आदर होता आणि कवीचे नाव पुसण्याची इच्छा नव्हती.

येथेच मला दोन प्रकारच्या प्रतींमधला भेद दिसतो. एक प्रत कर्त्याला जिवंत ठेवते, दुसरी त्याला नाहीसा करते. आज यंत्रे लक्षावधी लेखकांचे लेखन गिळून नवे लेखन घडवू लागली आहेत आणि त्यात कुणाचे किती हे सांगता येत नाही. २०२४ साली ए.एन.आय. या वृत्तसंस्थेने ओपन एआय या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, ती याच कारणासाठी. गरीब विद्यार्थ्याच्या चार पानांना चोरी म्हणायचे आणि धनाढ्य कंपनीच्या कोट्यवधी पानांना प्रगती म्हणायचे, हा न्याय नव्हे. श्रम कुणाचे, गरज कुणाची आणि नफा कुणाचा, हे तीन प्रश्न दोघांनाही सारखेच विचारले पाहिजेत.

आणि आपल्यालाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गायले तर आपला कायदा त्याला स्वामित्वभंग मानत नाही. लग्नाच्या वरातीलाही ही सूट आहे. हौशी मंडळाने धर्मसंस्थेच्या मदतीसाठी केलेल्या नाट्यप्रयोगालाही आहे. तेव्हा आपले गायनमंडळ निर्धास्तपणे गाऊ शकते. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटत नाही. आपल्या किती गीतपुस्तिकांत गीताखाली कवीचे नाव असते? किती नाटकांपूर्वी लेखकाला एक पत्र जाते? पुस्तिका छापताना परवानगी विचारणे, नाव लिहिणे, शक्य तेथे मानधनाचे पाकीट पोहोचवणे आणि ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्या हाती पुस्तक जाईल अशी व्यवस्था करणे, उदाहरणार्थ धर्मग्रामात एक लहानसे वाचनालय चालवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.