आवाज कुठला, दोष कोणाचा?

दोष शोधणे आणि दोष देणे या दोन क्रियांमध्ये किती अंतर असावे? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे; परंतु शासकीय सेवेत विभागीय चौकशीची प्रकरणे वर्षानुवर्षे पाहिल्यावरही त्याचे जे उत्तर मला समाधानकारक वाटते, ते चौकशीच्या नियमावलीतले नाही. ते जुन्या पिकअप गाडीचा डिफरेन्शियल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या कामात आहे.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर त्यांपैकी एकाला फरफटत जावे लागेल. इंजिनाची शक्ती दोघांना पोचवून त्यांच्या गतीतला हा फरक सांभाळणारी दंतचक्रांची पेटी म्हणजे डिफरेन्शियल. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशी योजना केली. माळव्यात भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या पिकअपमध्येही तत्त्व तेच आहे.

ही पेटी बिघडली की मागून घुमणारा आवाज येऊ लागतो. मात्र मागून येणारा प्रत्येक आवाज तिचाच असतो असे नाही. जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी गाडी चालवून पाहतो. गुळगुळीत डांबरावर आवाज बदलला, तर संशय टायरवर. वळणावर भार एका बाजूस झुकताच गुरगुर वाढली, तर चाकाच्या बेअरिंगवर. केवळ वळणावरच खडखड होत असेल, तर पेटीतल्या लहान चक्रांवर. कारण सरळ रस्त्यावर ती एकमेकांवर फिरत नाहीत. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना घुमणारा आणि सोडताच बदलणारा आवाज क्राउन-पिनियनकडे किंवा पिनियनच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. गाडी उचलताना ठक्क वाजले, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून पाहायचा. आपल्या नैयायिकांनी ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटले, तो हाच: कारण असता कार्य दिसते का, आणि कारण नसता ते नाहीसे होते का? मिस्त्रीला ती संज्ञा ठाऊक नसेल, पण तिचा अर्थ त्याच्या कानात मुरलेला असतो.

हा क्रम मोडला की काय होते, याचे एक उदाहरण माझ्या परिचयातले आहे. एका व्यापाऱ्याच्या पिकअपमधून तेल गळे. ऑइल सील दोनदा बदलले, दोनदा पुन्हा गळले. शेवटी तेल कमी पडून पिनियनचे बेअरिंग झिजले आणि भेरूघाट उतरताना गाडी अक्षरशः विव्हळू लागली. चालकाने गळतीची सूचना वेळीच दिली होती. तरीही ‘हा गाडी आदळतो’ असा निष्कर्ष निघाला आणि खर्च त्याच्या पगारातून कापला जाऊ लागला. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने एक्सलच्या नळीवरचा लहानसा ब्रीदर काढून पाहिला, तर तो चिखलाने बुजलेला. आतली हवा तापून फुगते. तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. सील निर्दोष होते, आणि चालकही. व्यापारी सज्जन, त्याने कापलेले पैसे परत केले. परंतु मधल्या चार महिन्यांत त्या घराने किराणा उधारीवर आणला, आणि वस्तीत चालकाचे नाव गेले ते गेलेच. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही. बहुधा तो घाईत असतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. माल नासतो, वेळ थांबत नाही. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायला सवड कोणाला? पण मिस्त्रीही अनंत चौकशी करीत नाही. तो फक्त क्रम पाळतो. बिनखर्चाच्या आणि मागे घेता येणाऱ्या चाचण्या प्रथम: कान, हात, ब्रीदर, तेलाची पातळी. मग तेल काढून पाहणे. चुंबकावरचा करडा बारीक लेप वयाचा, दातांचे तुकडे मात्र गंभीर. पेटी उघडणे सर्वांत शेवटी. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून बदलायचे तर जोडीनेच. नवी जोडी बसवताना दातांमधली मोकळीक गाडीगणिक, बहुधा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास, साधावी लागते. म्हणजे हा निर्णय महाग, आणि सहजी न फिरणारा.

माणसांच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. निलंबन, बदनामी, संबंधविच्छेद ही पेटी उघडण्याची कामे आपण पहिल्याच दिवशी उरकतो आणि विचारपूस मागाहून ठेवतो. कार्यालयात तसे, कुटुंबातही तसेच. सून आली आणि घरात खटके उडू लागले की दोष तिचा ठरतो. त्या घराचा ब्रीदर किती वर्षांपासून बुजला आहे, हे कोणी पाहत नाही.

सत्य नेहमीच हाती लागेल असे नाही. परंतु जे परत घेता येत नाही ते शेवटी करावे, एवढा क्रम तर आपल्या हाती आहे. न्यायाचा मोठा भाग, मला वाटते, या क्रमातच असतो.