शब्दाला जागणारी माणसं

पावसाच्या तोंडावर वीटभट्टीवर हिशेब होतो. मालकाच्या वहीत एका बाजूला गणपतीत दिलेली उचल, दर आठवड्याची खर्ची, मध्येच पोराच्या तापाला दिलेले पैसे. दुसऱ्या बाजूला नवरा-बायकोनं मिळून पाडलेल्या विटा, हजारामागे ठरलेल्या दरानं. वही वाचता येते ती एकालाच. ‘एवढे अंगावर फिरले,’ असं तो सांगतो आणि पुढच्या हंगामाला ते कातकरी कुटुंब पुन्हा त्याच भट्टीवर हजर होतं. कुलूप लागत नाही, पहारेकरी लागत नाही. पैसे घेतलेत, शब्द दिलाय, एवढं पुरतं.

वेठबिगारीचा विषय निघाला की आपण मालकाच्या दांडगाईवर बोलतो. ती असतेच, मारहाण होते, माणसं डांबून ठेवली जातात. पण पुष्कळदा तिची गरजच पडत नाही, हे मला जास्त बोचतं. गरिबाच्या प्रामाणिकपणाचाच दोर करून त्याला बांधलेलं असतं. बँका बुडवून विमानात बसणाऱ्यांना ही अडचण कधी आली नाही!

१९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असं कर्ज रद्दच ठरवलं. एक पैसाही फेडायचा नाही. उलट, हे कर्ज वेठबिगारीचं नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. साहेब वाडीवर येऊन हे सांगतात, ऐकणारे माना डोलावतात. साहेब संध्याकाळी गाडीत बसून जाणार, मालक उद्याही इथंच असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तेच त्याच भट्टीवरून सुटलेली एखादी बाई येऊन सांगू लागली, की प्रश्न सुरू होतात. मालक दारात आला होता का? आल्यावर तू काय बोललीस? रेशनकार्ड कुणी काढून दिलं? बाकी बुडवली म्हणून जातवाले काही बोलले का? हा शेवटचा प्रश्न साहेबाला कुणी कधीच विचारणार नाही.

बांधलेल्या माणसांनीच आपल्या माणसांना सोडवणं जुन्या ठाणे जिल्ह्यानं आधीही पाहिलंय. तिथं लग्नगडी असत. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि मग नवरा-बायकोनं जन्मभर त्याच्याकडे राबायचं. मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. परिषद किसान सभेची होती, सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर सोबत होते. पण तिथून परतल्यावर पाड्यापाड्यांवरचे वारली स्वतःच जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि त्यांनी लग्नगड्यांना सोडवून आणलं. कायदा यायला अजून तीस वर्षं होती. कायदा आल्यावरही वेठ सुरूच होती. वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२मध्ये उभी केलेली श्रमजीवी संघटना वाढली ती अशाच सुटलेल्या माणसांच्या बळावर.

सुटका तशी एका दिवसाचं काम. पुढचं निस्तरणं मोठं. सरकारी योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे, पुढे पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, बाईला नि मुलाला २ लाख, फार वाईट प्रकरणात ३ लाख. त्यासाठी मुक्ततेचा दाखला लागतो, बँकेत खातं लागतं, जातीचा दाखला मागतात, आणि ज्याचं बालपण भट्टीवरच्या झोपडीत गेलं त्याच्याकडे यातलं काहीच नसतं. कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो, हे ज्याचा स्वतःचा अडला होता त्यालाच नीट सांगता येतं. म्हणून सुटलेल्यांचे गट ही माझ्या लेखी पुनर्वसनाची पहिली पायरी आहे. योजना ठीक झाल्यावर जोडायची शोभेची गोष्ट नव्हे.

या गटांना वेळही नेमकी कळते. भाताची आवणी आटोपली की हाताला काम नसतं, घरातला तांदूळ संपत येतो आणि मुकादम नोटा घेऊन वाडीवर येतो. जनजागृतीच्या सभा मात्र आपण उन्हाळ्यात घेतो, तेव्हा अर्धी वाडी भट्टीवर असते. सुटलेली माणसं श्रावणातच दारोदार फिरतात, आणि जमलं तर सोबत पाच-दहा किलो तांदूळ नेतात.