नमस्कार कोणाला?

देव कोणाला म्हणावे, हा प्रश्न आता केवळ वेदान्त्यांचा राहिलेला नाही. विज्ञानकथाही तो विचारू लागल्या आहेत. ग्रहगोलांहून अवाढव्य असा एखादा जाणता जीव अवकाशात वावरतो आणि आसपासच्या ग्रहांवरील लोक त्याची पूजा मांडतात, अशी कल्पना त्यांत पुष्कळदा भेटते. त्याने मनात आणले तर ग्रह थिजतील, मनात आणले तर फुलतील. मग त्याला देव का म्हणू नये?

आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली. तीत एक प्रचंड काळा मेघ ऊर्जा घेण्यासाठी सूर्यापाशी येतो. पृथ्वीवर अंधार पसरतो, थंडीचा कडाका पडतो, असंख्य माणसे मरतात. मेघ महाबुद्धिमान आहे. परंतु एखाद्या ग्रहावर विचार करणारे कोणी राहत असेल, हे त्याच्या स्वप्नातही नसते! त्याच्या ठायी क्रौर्य नव्हते, तशी दयाही नव्हती. आपण त्याला दिसलोच नव्हतो.

आमच्या आलापल्लीकडच्या रानांत वाघोबाला हात जोडण्याची जुनी रीत आहे. शहरातल्या पाहुण्याला ती भाबडी भीती वाटते. मला त्या नमस्काराचा अर्थ निराळा लागतो: ‘रान तुझे आहे, तसे आमचेही आहे, तू आपल्या वाटेने जा, आमची गुरेवासरे सांभाळ.’ हे बोलणे ज्याला आपण दिसतो, त्याच्याशीच होऊ शकते. त्यात धाक आहे, पण शेजारधर्मही आहे.

नुसता धाक निराळा. १९८० नंतरच्या काळात आमच्या भागाने बंदुकीपुढे खाली गेलेल्या माना पुष्कळ पाहिल्या. वाकलेल्या मानेला नमस्कार समजण्याची चूक बलवान माणूस फार लवकर करतो. हाताखालच्या माणसापुढे, वर्गातल्या लहानग्यापुढे आपणही कधी कधी तो काळा मेघ असतोच की!

हॉइलचा मेघ शेवटी निघून जातो. गहन कोड्याचे उत्तर सापडले असे सांगणारा त्याचा एक दूरचा जातभाई एकाएकी मुका झालेला असतो. त्याच्या शोधात तो जातो. म्हणजे ज्याची आपण आरती केली असती, तो स्वतःच विद्यार्थी निघाला!

तेव्हा सामर्थ्याला ओळखावे, त्याच्यापासून जपूनही असावे. देवत्व मात्र त्यात शोधू नये. आपल्या लोकांनी हा निवाडा कधीच केला आहे. वामनाच्या पावलांनी त्रिभुवन व्यापले आणि बळी पाताळात गेला. तरीही दिवाळीत आपल्या आयाबाया ओवाळताना राज्य मागतात ते बळीचे. कारण तो देणारा होता, आणि दिलेला शब्द त्याने मोडला नाही.