माकडाच्या नावाचा ताप

तापाला नाव पडलं माकडाचं, आणि या तापाने आधी मरतं तेही माकडच. कोकणात दोडामार्गाकडे काजूबागेच्या कडेला वानर मरून पडलेलं दिसलं की गाव हबकतं, वनखात्याला निरोप जातो आणि कुणीतरी म्हणतंच, ‘ही केलडी (माकडं) आधी हटवा.’ बागायतीची नासधूस करतात म्हणून त्यांच्यावर राग होताच. आता रोगाचाही आळ आला.

कागदोपत्री नाव मात्र जंगलाचं आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, आसपासच्या खेड्यांत माणसं तापाने फणफणली. पिवळा ताप भारतात शिरला की काय, या धास्तीने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी धावली. सापडला वेगळाच विषाणू, आणि तो पोचवणारी गोचीड. माकडाचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात. त्यांची पिल्लं खसखशीएवढी. चावली तरी कळत नाही. डिसेंबर ते मे हा त्यांचा हंगाम, काजूचा बहरही त्यातच. बिया वेचणारी बाई दिवसभर वाकून त्याच पाचोळ्यात हात घालत असते.

गोचीड तर जंगलात पूर्वीपासून होती. मग तेव्हाच काय बिघडलं? होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९६९ साली याची संगती लावली: वस्ती वाढली, शेतीसाठी जंगलाचे लचके तोडले गेले, गुरं आत चरायला जाऊ लागली. वाढलेल्या गोचिडीला रक्तासाठी मोठं जनावर लागतं. ती सोय गुरांनी केली. गुरांमुळे विषाणू फोफावत नाही, गोचिडी फोफावतात. ही साखळी ‘माकडताप’ या शब्दात कुठेच दिसत नाही. नाव ऐकलं की नजर झाडावर जाते, गोठ्याकडे वळत नाही.

गावात दोष माकडाला, शहरात याच्या उलट. कोविडनंतर तर प्रत्येक व्याख्यानात ‘निसर्गाचा सूड’ ऐकू येतो. ऐकायला भारदस्त, पण सूड घेणाऱ्याला पत्ता तरी नीट माहीत असावा! डोंगर उघडा करून नफा कमावणारा निराळाच असतो, आणि ज्यांना माकडताप होतो त्यांतले शंभरात तीन ते पाच जण दगावतात, ते बहुतेक जंगलालगत राबणारे. सूड म्हटलं की गुन्हा साऱ्या मानवजातीचा होतो, आणि मग कुणा एकाला जाब विचारायचं कारण उरत नाही.

२०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात साथ आली, तेव्हा गावकऱ्यांपुढचे प्रश्न साधे होते. जंगलात जायचं नाही, तर गुरं कुठे चारायची? गोठ्यात अंथरायला पाला कुठून आणायचा? सरकारी सल्ला असा: अंगभर कपडे घाला, हातापायांना गोचीड न चिकटणारं तेल चोळा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. एप्रिलच्या उन्हात, डोंगरउतारावर, घामाबरोबर ते तेल कोपरापर्यंत ओघळत येतं. बाई पदराने पुसते आणि पुढचं बोंड उचलते.