नोंद आणि न्याय

काच फुटली, एवढे पंचनाम्यात लिहिता येते. ती याच घराची का फुटली, हे लिहावयाचे की नाही? वरवर कारकुनी वाटणाऱ्या या प्रश्नात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

दि. २२ एप्रिल १९९३ रोजी रात्री लंडनच्या एल्टम भागात बसची वाट पाहत असलेल्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणास गोऱ्या युवकांच्या टोळक्याने भोसकून ठार केले. संशयितांची नावे पोलिसांच्या कानी लवकरच आली; तथापि पहिली अटक होण्यास दोन आठवडे लोटले. हल्ल्यातून वाचलेल्या मित्राने वर्णावरून दिलेली शिवी ऐकली होती, परंतु त्याच्याकडेही पीडित म्हणून पाहिले गेले नाही. निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद आहे, असा निष्कर्ष त्यात होता. अहवालाच्या ७० शिफारशींपैकी एक अशी की, पीडितास अथवा अन्य कोणासही जी घटना वंशद्वेषाची वाटेल, ती तशीच नोंदवावी. पुढे धर्म, अपंगत्व, लैंगिक कल व लिंगओळख यांवरून होणाऱ्या अपराधांनाही हीच दृष्टी लागू झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. वाटणे म्हणजे सत्य नव्हे; मग आरोपीवर अन्याय होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. परंतु नोंद म्हणजे निवाडा नव्हे. रोगी दुखते म्हणतो ते वैद्य प्रथम लिहून घेतो, निदान नंतर करतो. १९९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये वंशद्वेषमूलक अपराधांस अधिक शिक्षा ठेवली. पण तो द्वेष न्यायालयात पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो.

आणि नोंद म्हणजे न्यायही नव्हे. इंग्लंड व वेल्समध्ये अलीकडे दरवर्षी लाखाहून अधिक द्वेषमूलक अपराध नोंदविले जातात. त्यांतील वाढ म्हणजे केवळ द्वेषाची वाढ नव्हे. तक्रार करण्याइतका विश्वास वाढल्याचेही ते लक्षण असू शकते. मात्र कित्येक प्रकरणे संशयित न सापडल्याने, पुरावा अपुरा पडल्याने अथवा पीडिताने माघार घेतल्याने मिटविली जातात. स्टीफनच्या खुनाबद्दल दोघांना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. आईवडिलांनी जवळजवळ १९ वर्षे वाट पाहिली.

आपल्या देशातही दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. तरीही दुखावलेल्या कुटुंबास आपणच सांगतो, 'जाऊ द्या, क्षमा करा. चौकीची पायरी कशाला चढता?' आम्हीही हे सांगितले आहे, आणि आज ते आम्हांस बोचते. क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा. शेजाऱ्यांच्या सोयीसाठी ती मागणारे आपण कोण? पापनिवेदनातही पापाचे नाव घ्यावे लागते, मगच क्षमेचा शब्द उच्चारला जातो. नोंद क्षमेच्या आड येत नाही. क्षमा कशाची करावयाची, ते ती सांगते.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो अधिक कठीण आहे. दगड मारणारा हात आपल्यापैकी कोणाचा असेल, तर साक्ष द्यावयास आपण जाऊ काय?