मालक परत येतील!

१ जानेवारी १८०४ रोजी जाँ-जाक देसालीनने हैतीच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. हा सेनापती गुलामीत जन्मला आणि मळ्यावर राबला होता. फ्रेंच फौज आदल्या नोव्हेंबरात व्हर्तिएरची लढाई हरून जहाजांत बसली होती. मागे उरलेल्या काही हजार फ्रेंच नागरिकांपैकी बहुतेकांना फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ठार मारण्यात आले. मृतांचा अंदाज तीन ते पाच हजारांच्या दरम्यान केला जातो.

या हत्याकांडाचा उलगडा एका शब्दात करण्याची सवय आहे : सूड. सुडाला कारणेही भरपूर होती. क्रांतीपूर्वी हैती या फ्रेंच वसाहतीत सुमारे ३० हजार गोरे आणि जवळपास पाच लाख गुलाम होते. गुलाम इतक्या झपाट्याने मरत, की आफ्रिकेतून नवे आणत राहावे लागे. पळालेल्याचे कान कापण्याची तरतूद १६८५च्या फ्रेंच कायद्यातच होती. शेवटच्या युद्धात फ्रेंच जनरल रोशांबोने माणसांवर सोडायला क्यूबाहून कुत्री आणवली होती.

पण सूड म्हटले, की वेळेचे कोडे सुटत नाही. १७९१च्या उठावात मळे जळाले, गोरे मारले गेले. तरी पुढे उठावाचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर याच्या हाती सत्ता आल्यावर त्याने गोऱ्या मळेवाल्यांना परत बोलावले, संरक्षण दिले. मग १८०२मध्ये नेपोलियनची फौज उतरली. तूसाँला पकडून फ्रान्सला नेले गेले. तिथल्या किल्ल्यात तो वर्षभरात मेला. १८०२मध्येच कॅरिबियनमधल्या ग्वादलूपमध्ये फ्रान्सने गुलामी पुन्हा लादली. हैतीतल्या माणसांना या दोन वर्षांनी एकच धडा दिला : मालक गेले तरी परत येतात.

१८०४च्या कत्तलीमागे सुडाइतकीच ही धास्ती होती. आणि ही कत्तल लोकांच्या संतापाचा आपोआप झालेला भडकाही नव्हती. अनेक शहरांत देसालीन स्वतः येऊन पोहोचेपर्यंत हत्या सुरू झाल्या नाहीत. मिश्रवंशीयांनीही हात रंगवावेत, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे पुढे कोणालाच माघारी फिरता येऊ नये. बायका-मुलांना आधी बरेचसे वगळले होते, शेवटी त्यांचीही पाळी आली. मात्र फ्रेंच फौज सोडून आलेल्या पोलिश सैनिकांना अभय मिळाले, आणि १८०५च्या राज्यघटनेने त्यांना नागरिकत्वही दिले.

रवांडात १९९४ साली, तुत्सींच्या नरसंहारात, हीच धास्ती राज्ययंत्रणेने राबवली. बेल्जियमच्या अमलात तुत्सी उच्चवर्गाला झुकते माप होते, हे खरे. पण १९५९ ते १९६२ दरम्यान तुत्सी राजवट कोसळली आणि पुढची तीस वर्षे सत्ता हुतू नेत्यांकडेच होती. मारले गेलेले बहुसंख्य तुत्सी हे शेजारच्या हुतूंसारखेच गरीब शेतकरी होते. १९९०मध्ये तुत्सी निर्वासितांच्या फौजेने युगांडातून हल्ला केला, तेव्हा जुने राज्य परत येणार, ही हाकाटी करायला आयतेच निमित्त मिळाले. रेडिओवरून ती घरोघर पोहोचली. बेल्जियनांनी सुरू केलेली, वंश नोंदवणारी ओळखपत्रे नाक्यानाक्यावर तपासली गेली. सुमारे शंभर दिवसांत किमान पाच लाख माणसे मेली. अनेक अंदाज आठ लाखांपर्यंत जातात.

याच्या शेजारी १२ मे १८७५चे पुणे जिल्ह्यातले सुपे ठेवून पाहावे. बाजारच्या दिवशी कर्जाने पिचलेल्या कुणब्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. हे लोण पुणे-नगर भागात गावोगाव पसरले. पण जमावाला हवी होती ती कर्जखते. ती हाती पडली की त्यांची होळी होई. माणसांना गंभीर इजा होण्याचे प्रकार मोजकेच घडले. या शेतकऱ्यांना कोणी सरकार वा सेनापती चालवत नव्हता. त्यांचा सावकार अजून पेढीवर बसलेला होता, आणि त्याची ताकद कोणत्या कागदात आहे हे त्यांना पक्के माहीत होते. चार वर्षांनी, १८७९मध्ये, ब्रिटिश सरकारला दख्खन शेतकरी मदत कायदा करावा लागला.

देसालीनची १८०६मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी हत्या केली. अमेरिकेतले गुलाममालक पुढची कित्येक दशके १८०४चा दाखला देऊन मुक्तीला विरोध करत राहिले. आणि १८२५मध्ये फ्रेंच युद्धनौका पुन्हा हैतीच्या किनाऱ्याशी उभ्या ठाकल्या. या वेळी मागणी होती ती जुन्या मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई : १५ कोटी फ्रँक. हैतीने ती मान्य केली. १८३८मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते विसाव्या शतकातही चालूच होते.