उसनी साडेचार वर्षं

२०१२ साली आमच्या गावच्या शाळेत आधार कार्डाचं शिबिर लागलं होतं. मशीनवाल्या पोरानं आबाजींना जन्मतारीख विचारली. आबाजी शाळेत कधी गेलेच नव्हते. मागून कोणीतरी कुजबुजलं, "चार-पाच वरसं वाढवून सांगा. बुढाप्याचा पगार लवकर लागते." आबाजींनी उगाच बोटं मोजली नि म्हणाले, "अठ्ठावन लिही." पोरानं १ जानेवारी १९५४ टाकलं. गावातले निम्मे म्हातारे त्या दुपारी एक जानेवारीला जन्मले.

आमच्या वर्धा जिल्ह्यात 'पगार' म्हणजे निराधारचे पैसे. वय ६५ च्या आत नि ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर संजय गांधी निराधार योजना. ६५ भरले आणि घरचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलं, की श्रावणबाळ. (२१,००० रुपयांत घर वर्षभर चालतं असं ज्याला वाटलं, त्याच्या हाती पिशवी देऊन एकदा देवळीच्या बाजारात पाठवावं.) २०१९ मध्ये आबाजींना श्रावणबाळ लागलं. आधी महिन्याला ६००, मग १,०००, २०२३ पासून १,५००. पगार उचलायचा नि दुसऱ्या दिवशी डवरणीला तरण्या पोरांच्या पुढे चालायचं. गावानं याला खोटं कधी म्हटलं नाही, हुशारी म्हटलं. मीही म्हटलं.

बँकेतल्या मॅडमनी २०१५ साली सगळ्यांचे अंगठे घेऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून दिला होता. वर्षाला १२ रुपये, २०२२ पासून २०. मे महिना सरता सरता खात्यातून आपोआप कटायचे. २०२४ च्या जूनमध्ये नातीनं पासबुक भरून आणलं, तर २० रुपयांची ती ओळच नव्हती.

"वाचले वीस रुपये," आबाजी म्हणाले.

त्याच साली दिवाळीआधी सोयाबीन काढताना मळणी यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. सेवाग्रामला नेलं. मनगटाच्या वरून काढावा लागला. वावर दुसऱ्याचं, यंत्र भाड्याचं, आबाजी रोजीवर. बरं वाटल्यावर नात त्यांना घेऊन बँकेत गेली. एक हात गेला तर या विम्यात लाख रुपये मिळतात, हे तिनं वाचलं होतं. काउंटरवरच्या माणसानं कार्ड पाहिलं. "सत्तर झाले की हा विमा बंद होतो, बाबा. तुमचे जानेवारीतच झाले."

गोष्ट इथंच संपली असती. पण नातीला नर्सिंगला जायचं होतं, नि त्यासाठी जात वैधता. समितीला जुना पुरावा हवा. मग रेकॉर्ड रूमच्या चकरा. गावातला जन्म-मृत्यू कोतवालानं कळवायचा नि तो पंजीत चढायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तिसऱ्या खेपेला कोतवाल बुकाची नक्कल हाती आली. गाव, बापाचं नाव, जात, पुढे नुसतं 'मुलगा'. नाव ठेवायच्या आधीची नोंद. तारीख ११ जून १९५८.

"आबाजी, हात गेला तवा तुमाले सहासष्टच होते!" ती पळतच आली. "हा कागद बँकेत दाखवू. दावा तरी लावून पाहू."

आबाजींनी कागद डाव्या हातात धरला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिले. मग बोटं मोजू लागले. या वेळी खरोखरच मोजत होते. अठ्ठावनात पासष्ट मिळवले की २०२३ चा जून. पगार लागला २०१९ ला. मधले सगळे महिने. चाळीस-पन्नास हजार तर सहज.

"हा दाखवला तं तहसीलवालेही पाहतीन काय?"

नात गप्प झाली. तिच्याही ध्यानात आलं. "पाहतीन ना, आबाजी. बँकेत एक नि तहसीलीत एक, अशी जन्मतारीख थोडीच राह्यते."

"तुह्या कामाचा हाये ना हा?"

"हो."

"मंग तुह्याच फाईलीत ठेव."

तिनं कागद आत घातला. आबाजींनी फाईल मांडीवर ओढली नि तिची नाडी बांधायला घेतली. एका हातानं गाठ काही बसेना. दोन-तीनदा निसटली. शेवटी तिनंच बांधली.